लहान मुलांना इंग्रजी शिकवताय? निदान या चुका तरी टाळा

आधी माझा सगळ्यात नावडता प्रकार. चार वर्षांचं पोर एका दमात ए ते झेड म्हणून दाखवतं, मधलं एलेमेनोपी तर एकच अक्षर असल्यासारखं, आणि घरचे खूश की इंग्रजी आलं! अहो, ती अक्षरांची नावं झाली. वाचायला नावं नाही, आवाज लागतात. एचच्या नावात 'ह' नाही, डब्ल्यूच्या नावात 'व' नाही, मग पोराने 'वेट' वाचायचं कसं? अक्षरं 26 आणि आवाज साधारण 44, म्हणजे नुसती नावं पाठ करून पुरतही नाही.

मीही हेच करायचे. एका मुलाला सी-ए-टी अगदी तोंडपाठ होतं. बोट ठेवून म्हणायचा सी, ए, टी, मग चित्राकडे बघून खणखणीत आवाजात "मांजर!" मी चित्रावर हात ठेवला तर म्हणतो कसा, "टीचर, हात काढा ना, मला वाचता येत नाहीये." हसू आवरेना, पण तीन महिने मीच त्याला ते शिकवलं होतं, मग हसणार तरी कोणाला.

मग आवाजांकडे वळले आणि तिथे नवीन घोळ, जो मराठी बोलणारे आपण हमखास घालतो. आपल्या क, ट, प मध्ये 'अ' आधीच बसलेला असतो. आपण म्हणतो क, ॲ, ट आणि मूल प्रामाणिकपणे जोडतं, 'कअ-ॲ-टअ'. यातून कॅट कधीच निघत नाही! पाय मोडा त्याचा, क्, ट्, प्. माझी सवय अशी की आधी ताणता येणारे आवाज घ्यायचे, स्, म्, न्, फ्. 'स्स्सॲॲट्' म्हटलं की शब्द आपोआप जुळतो. क्, ट् ताणता येत नाहीत, ते फटकन तोडायचे. स् किंवा प् म्हणताना मुलांना गळ्यावर हात ठेवायला सांगते, गळा थरथरला की समजायचं 'अ' घुसला. चोर पकडल्यासारखी ओरडतात कार्टी.

बाकीच्या चुका पटापट. नुसती कॅपिटल अक्षरं घोटून घेऊ नका, कुठलंही पुस्तक उघडा, पानभर स्मॉलच असतात. बी आणि डी उलटे काढले तर घाबरू नका, सहा-सात वर्षांपर्यंत चालतंच. "समजलं का?" विचारू नका, सगळे येस म्हणतात, त्यापेक्षा "टच द डोअर" म्हणा आणि कोण उठतंय ते बघा. आणि तो मोबाइल लावून देऊन "ऐकून ऐकून शिकेल" वाला शॉर्टकट, त्यावर मी बोलतच नाही, मोबाइल काही पोराला उलट विचारत नाही की तुझा बॉल कुठे गेला.

दुसरी मोठी चूक म्हणजे "बोल, बोल, बोल ना". नवीन भाषा कानावर पडायला लागली की बरीच मुलं आधी काही आठवडे, कधी काही महिने गप्प असतात. डोक्यात साठवण चालू असते. माझ्या वर्गातली एक मुलगी चार महिने एक शब्द बोलली नाही. मी रोज मागे लागायचे, "से गुड मॉर्निंग", ती चपलांकडे बघायची. शेवटी कंटाळून नाद सोडला. पुढच्याच आठवड्यात खेळताना मागून आवाज आला, "डोन्ट पुश! वेट! यॉर टर्न नो!" वळून बघितलं तर ही बाई बाहुल्यांची रांग लावून त्यांना दम देत होती, माझ्याच सुरात, कमरेवर हात ठेवून. मी वळून बघितल्यावर परत चिडीचूप.

त्या "यॉर टर्न नो"वर मी काही बोलले नाही, आणि हीच शेवटची गोष्ट, वाक्य मध्येच तोडून दुरुस्त करू नका. मूल "आय गोएड" म्हणालं तर खरं तर खूश व्हा, भूतकाळाला 'एड' लागतं हा नियम त्याने स्वतः शोधलाय, तुम्ही शिकवलेला नाही. मी फक्त म्हणते, "ओ, यू वेन्ट? व्हेअर?" आणि पुढचं ऐकते. परत गोएडच येतं. येऊ दे, मीही परत वेन्ट म्हणते.