काळ्या मातीत रुतलेली छोटी गाडी कशी निघाली

ऐन पावसाळ्यात, शेताकडे जाणाऱ्या पाणंद रस्त्यावर माझी हॅचबॅक रुतली. इंजिनचा जोर मिळणारी पुढची चाके जागीच गरगरत होती आणि गाडीचा तळ चिखलावर टेकला होता. चाकांखाली घातलेले पायपोस भिरकावले गेले, दगड मातीत दबले आणि जॅकही खाली गेला. दोन तासांनी अगदी रडकुंडीला आलो होतो.

शेजारच्या जीपवाल्यांनी दोन दातेरी रिकव्हरी पाट्या (रुतलेल्या चाकाला पकड देणाऱ्या) दिल्या, तेव्हा काम झाले. आधी तळाखालची माती फावड्याने काढली, मग पुढच्या चाकांमागे उतार केला, कारण ज्या वाटेने आलो तिने गाडीचे वजन पेलले होते. हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना दगडांची अडण लावून, जॅकखाली फूटभर रुंद जाड फळी ठेवली, एकेक चाक उचलले, टायरच्या खाचांत लिंपलेली माती खुरप्याने खरवडली आणि पाटी चाकाखाली घट्ट सरकवली. जॅक व दगड काढले, सर्वांना बाजूला केले, स्टिअरिंग सरळ ठेवून रिव्हर्समध्ये क्लच हळूहळू सोडला. गाडी निघाली.

आता डिकीत आखूड फावडे, फळी, दोन पाट्या आणि टो पट्टा (गाडी ओढण्याचा पट्टा) असतो; विंचची (दोर गुंडाळून गाडी ओढणाऱ्या यंत्राची) या गाडीला गरज वाटली नाही. पट्टा केवळ कंपनीच्या टो हुकलाच लावावा, बंपरला किंवा सस्पेन्शनला कधीही नाही.