लाल किचन आणि लॉफ्टवरची गुंडाळी
इंटिरिअरचा डिप्लोमा करून बाहेर पडले तेव्हा माझ्या लॅपटॉपमध्ये देशोदेशीच्या घरांचे शेकडो फोटो होते. प्लायचं शीट आठ बाय चार फुटांचं असतं, हे मात्र साइटवर सुतारकाकांनी सांगितलं. आता नवीन मुलामुलींचे पोर्टफोलिओ बघते तेव्हा हसू येतं. माझ्या वेळी जिथेतिथे लाल-काळं चकाकतं किचन असायचं, आता उभ्या पट्ट्यांचं फ्लूटेड पॅनल असतं.

त्या लाल किचनचं सांगायलाच हवं. २०११ साल, कोथरूडमधला छोटा फ्लॅट. काकूंना साधा क्रीम रंग हवा होता, मीच हट्टाने हाय-ग्लॉस लाल शटरं गळी उतरवली. वर पीओपीमध्ये जांभळी लाइट. फोटो झकास आले. पाच वर्षांनी काकूंचा फोन, "अगं, सिंकखालचं एक दार फुगलंय, तेवढं बदलून दे." दुकानात गेले तर त्या नंबरची शेड कधीच बंद झालेली. त्यातल्या त्यात जवळचा लाल आणून लावला, तर एक दार टोमॅटो आणि बाकीची डाळिंब! शेवटी सगळी शटरं बदलली, मजुरी मी घेतली नाही. दार फुगलं तेही माझ्याच चुकीने. पैसे ग्लॉसवर उधळले आणि सिंकखाली, जिथे पाण्याला टिकणारा, आयएस ७१० मानकाचा मरीन प्लाय हवा, तिथे साधा कमर्शियल ठोकून दिला.

तेव्हापासून प्रत्येक वस्तूबद्दल स्वतःला विचारते : उद्या ही बदलायची झाली तर कोण येणार? गवंडी हातोडा घेऊन येणार असेल, म्हणजे फरशी, ओटा, बाथरूमच्या टाइल्स, तर तिथे या वर्षीची फॅशन नको. सुताराचं एक-दोन दिवसांचं काम असेल तर थोडी चालेल. आणि घरातलंच कुणी स्टुलावर चढून बदलू शकत असेल, पडदे, दिव्याची शेड वगैरे, तर करा की हौस! जांभळंसुद्धा चालेल.

फरशीचा धडा मला मिस्त्रींनी दिला. सदाशिव पेठेतलं जुनं घर, मळकट मोझॅक. मी त्यावर व्हिट्रिफाइड टाइल्सचं एस्टिमेट तयार ठेवलेलं. मिस्त्री म्हणाले, "मॅडम, आधी एक कोपरा घासून बघू." मशिन फिरलं, पाणी आणि राखाडी चिखल नुसता. मग ऑक्झॅलिक ॲसिडची पूड टाकून पॉलिश मारलं आणि फडक्याने पुसलं, तर खालून हिरवे, पांढरे, तपकिरी संगमरवरी तुकडे वर आले. एस्टिमेट तिथेच फाडलं. आज तोच प्रकार टेराझो म्हणून मिरवतो, आणि त्याचं छापील चित्र असलेल्या टाइल्स लोक हौसेने घेतात.

पण जुनं ते सोनं म्हणूनही बसू नका. ओट्याखालच्या कडप्प्याच्या फळ्या आठवा. मागचा डबा काढायला गुडघे टेकून आत डोकं घालायचं. त्या जागी पूर्ण बाहेर येणारे ड्रॉवर आले, ती कमरेची सोय आहे, ती कधीच जुनी होणार नाही.

क्लायंट फोटो दाखवतीलच. फोटो बघा, पण त्यांचं सध्याचं घरही फिरून बघा. चपला कुठे पडतात, गाद्या कुठे रचल्यात, आणि पुण्यात तर हमखास विचारा, "गणपती कुठे बसवता?" एका ठिकाणी मी हे विचारलं नव्हतं. टीव्हीच्या भिंतीला टोकापासून टोकापर्यंत युनिट फिक्स केलं आणि भाद्रपदात मखर बेडरूममध्ये गेलं. आजींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती अजून आठवते.

आणखी एक. काम संपलं की तिथे वापरलेल्या लॅमिनेटचं, म्हणजे प्लायवर चिकटवतात त्या सनमायकाचं, एक शीट जास्तीचं घेऊन, सैल गुंडाळून, वर शेड नंबर लिहून लॉफ्टवर ठेवायचं. टाइल्सचाही एक बॉक्स. क्लायंट कुरकुरतात, ठेवायला लावायचंच. मागच्या महिन्यात एका घरी ड्रॉवरचं तोंड उडालं म्हणून गेले, ऐटीत लॉफ्ट उघडला, तर गुंडाळी गायब. वहिनींनी गच्चीकडे बोट दाखवलं. शीट उन्हात पसरलेलं होतं आणि त्यावर पोह्याचे पापड वाळत होते. संध्याकाळी पापड निघाल्यावर पुसून घेतलं. रंग अगदी जुळला.