मुरमावरून सिंथेटिकवर: क्लबच्या खेळाडूने मैदानी स्पर्धेची तयारी कशी करावी

खानदेशातील बहुतेक क्लबांचा सराव शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर, मुरमावर किंवा काळ्या मातीवर फक्की मारून आखलेल्या पट्ट्यांत चालतो. राज्य स्पर्धेसाठी बालेवाडीला किंवा दुसऱ्या मोठ्या संकुलात गेले की मात्र पायाखाली सिंथेटिक, म्हणजे रबरासारख्या कृत्रिम पृष्ठभागाचा ट्रॅक येतो. आपल्या मुलामुलींची ताकद कमी पडते असे मला वाटत नाही. स्पर्धेचे मैदान आणि तिथली शिस्त यांचा अंदाज नसल्यामुळेच ती बरेचदा मागे राहतात.

सुरुवात प्रवेशिकेपासून करावी. अर्ज क्लबचे सचिव भरत असले तरी जन्मतारीख, गट आणि क्रीडाप्रकार खेळाडूने स्वतः वाचून पाहावेत. शालेय स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालील गट असतात, तर ॲथलेटिक्स संघटनेच्या स्पर्धांत 14, 16, 18 आणि 20 वर्षांखालील. त्यामुळे एकच मुलगा दोन ठिकाणी दोन वेगळ्या गटांत मोडतो. गोळाफेक करणाऱ्याने हे विशेष लक्षात ठेवावे, कारण संघटनेच्या स्पर्धेत 18 वर्षांखालील मुलांचा गोळा 5 किलोचा, 20 वर्षांखालील मुलांचा 6 किलोचा आणि खुल्या गटातील पुरुषांचा 7.26 किलोचा असतो. ॲथलेटिक्स फेडरेशनचा यूआयडी, म्हणजे खेळाडूचा नोंदणी क्रमांक, आधीच काढून ठेवावा. शेवटच्या दिवशी सायबर कॅफेत रांग लावून तो मिळेलच असे नाही.

स्पाइक्सचे, म्हणजे धावण्या-उडण्याच्या बुटांच्या तळव्याचे खिळे हा आपल्याकडे दुर्लक्षित विषय आहे. मातीच्या मैदानावर 25 मिलिमीटरपर्यंत लांबीचे खिळे चालतात, सिंथेटिकवर मात्र 9 मिलिमीटरपेक्षा मोठे चालत नाहीत. उंच उडी आणि भालाफेक यांना तेवढी 12 मिलिमीटरची सवलत आहे. म्हणून लहान खिळ्यांचा एक संच आणि ते बदलण्याची चावी पिशवीत असावी, आणि बदल आदल्या रात्री करावा. गंजलेला खिळा ऐन वेळी निघत नाही.

लांब उडी आणि तिहेरी उडीच्या खेळाडूंनी रन-अपची, म्हणजे उडीआधीच्या धावेची लांबी पावलांनी न मोजता टेपने मोजावी, हे मी स्वतः मार खाऊन शिकलो आहे. अमळनेरच्या मुरमावर माझी 17 पावले उडी घेण्याच्या फळीवर बिनचूक पडत असत. राज्य स्पर्धेत तोच रन-अप मी पायांनी मोजला आणि धावलो. पण सिंथेटिकवर प्रत्येक पाऊल थोडे थोडे लांब पडले आणि शेवटचा पाय फळीच्या पुढे गेला. पंचांनी लाल झेंडा उचलला. वळून पाहिले तर फळीपुढच्या प्लास्टिसिनमध्ये (ठसा उमटणाऱ्या मऊ लगद्यात) माझ्या बुटाच्या टोकाचा ठसा आणि दोन खिळ्यांची भोके स्पष्ट उमटलेली होती. घाबरून दुसऱ्या उडीत खूण फारच मागे घेतली, तर फळीच्या वीतभर अलीकडूनच उडी घेतली गेली. तिसरी पुन्हा फाउल. पहिल्या तीन उड्यांनंतर पहिल्या आठ जणांनाच पुढच्या तीन संधी मिळतात, त्यामुळे माझी स्पर्धा तिथेच संपली. आज क्लबमधल्या मुलांना मी सांगतो की रन-अप मीटर-सेंटिमीटरमध्ये वहीत लिहून ठेवावा, स्पर्धेच्या ठिकाणी पोचल्यावर सरावाच्या वेळेत दोन-तीनदा पूर्ण वेगाने धावून पाहावे आणि खूण त्यानुसार सरकवावी. खुणेसाठी चिकटपट्टी सोबत न्यावी, कारण फक्की किंवा खडू तिथे वापरू देत नाहीत. चार बाय शंभर रिलेत येणाऱ्या भिडूचा अंदाज घेण्यासाठीही हीच पट्टी लागते. बॅटन बदलण्याचा पट्टा आता 30 मीटरचा आहे, त्यामुळे जुन्या 20 मीटरच्या हिशोबाने धाव सुरू करण्याची सवय मोडावी.

धावपटूंनी स्टार्टिंग ब्लॉकचा, म्हणजे सुरुवातीला पाय टेकवण्याच्या ठोकळ्यांचा सराव टाळू नये. 400 मीटरपर्यंतच्या शर्यतींना ब्लॉक आणि वाकून सुरुवात करणे मोठ्या स्पर्धांत बंधनकारक असते, आणि 2010 पासून वैयक्तिक शर्यतीत पहिल्याच फॉल्स स्टार्टला (इशाऱ्याआधी सुटल्यास) खेळाडू बाद होतो. तालुक्याच्या स्पर्धेतले उदार स्टार्टर "पुन्हा या रे पोरांनो" म्हणतात खरे, पण ती सवय पुढे महागात पडते.

कॉल रूमची, म्हणजे स्पर्धेआधी खेळाडूंची हजेरी घेतात त्या खोलीची वेळ शर्यतीच्या वेळेपेक्षा वेगळी असते. वेळापत्रकावर दोन्ही वेळा पाहून त्याभोवती वॉर्म-अप आखावा. भोंग्यावर आपले नाव नीट ऐकू येईल या भरवशावर झाडाखाली झोपू नये. छातीवर आणि पाठीवर असे दोन बिब (क्रमांकाचे फलक) लावावे लागतात, उडीच्या प्रकारांत एक चालतो. आठ सेफ्टी पिना स्वतःच्या न्याव्यात, कारण आयोजकांकडच्या नेहमी संपलेल्या असतात. मोबाइल आत नेता येत नाही. उडीच्या मध्येच शर्यतीचा पुकारा झाला, तर उडीच्या पंचांना सांगून जावे.

प्रवास आणि जेवणाबद्दल थोडेच. रावेर किंवा नंदुरबारहून पुण्याला जाताना अख्खी रात्र बसमध्ये जाते, म्हणून शक्य असेल तर एक दिवस आधी पोचावे. आदल्या रात्री झणझणीत शेवभाजी नको. भाकरी, वरण-भात आणि घरची केळी पुरेत. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांपर्यंत चढतो, तेव्हा 5000 मीटरवाल्यांनी सराव सूर्य वर येण्याआधी उरकावा आणि मिठाचे पाणी घ्यावे. सर्दी-खोकल्याचे औषधही डॉक्टरांना आपण खेळाडू असल्याचे सांगूनच घ्यावे, कारण काही औषधांत उत्तेजक चाचणीत सापडणारे घटक असतात.

निकालावर आक्षेप असल्यास तो जाहीर झाल्यापासून 30 मिनिटांच्या आत, आधी तोंडी, रेफरींकडे नोंदवावा; वाद घालण्याचे काम प्रशिक्षकांवर किंवा संघ व्यवस्थापकांवर सोडावे. आणि प्रमाणपत्र हातात पडल्यावर ते तिथेच वाचावे. नाव, क्रीडाप्रकार, गट, क्रमांक आणि तारीख तपासावी, कारण सरकारी नोकरीतील खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणासाठी हेच कागद पुढे पडताळले जातात, आणि चुकलेले एक अक्षर दुरुस्त करायला पुन्हा तीच रात्रभराची बस पकडावी लागते.