धबधबा आणि समुद्र एकाच पावसाळी सहलीत: या चुका टाळा

सकाळी ओलांडला तेव्हा ओढा जेमतेम घोट्याएवढा होता. धबधबा बघून परतलो, तर ज्या दोन दगडांवर पाय ठेवून आलो ते दिसेनासे झालेले. आमच्या डोक्यावर तर तासाभरात थेंबही पडला नव्हता. पलीकडे गाडी, मुलं भिजलेली, आणि मोठ्यांचं सुरू झालं, "हात धरून पटकन जाऊ या, दहाच पावलं तर आहेत." आम्ही गेलो नाही. पाण्याच्या कडेला एक काटकी रोवली आणि उंचवट्यावर जाऊन बसलो. अर्ध्या तासात काटकी बुडाली. पुढे पाणी उतरू लागलं आणि जवळपास तीन तासांनी ते दोन दगड पुन्हा वर आले.

तेव्हापासून सहल ठरवताना मी आधी एकच गोष्ट बघते: तिथलं पाणी येतं कुठून? ओढ्याचं पाणी वर डोंगरात पडलेल्या पावसाचं असतं. समुद्राचं पाणी मुख्यतः चंद्राच्या ओढीने चढतं. दोन्हीकडे डोक्यावरचं आभाळ बघून निर्णय घेणं ही पहिली चूक, आणि बाकीच्या बहुतेक चुका तिच्याच पोटातून निघतात.

वाढलेला ओढा ओलांडणं

पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. जोरात वाहणारं 15 सेंटिमीटर पाणीसुद्धा मोठ्या माणसाला पाडू शकतं, मग लहान मुलांचं काय सांगायचं! 30 सेंटिमीटर पाण्यात छोटी गाडी तरंगायला लागते आणि 60 सेंटिमीटरमध्ये बहुतेक गाड्या वाहून जातात. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालूच नका. खालचा रस्ता खचलेला असला तरी वरून कळत नाही.

लोंढा येण्याआधी ओढा बऱ्याचदा खुणा देतो. नितळ पाणी गढूळ होतं, पाचोळा आणि काटक्या वाहून यायला लागतात, खळखळ जाऊन घुमल्यासारखा आवाज येतो. यातलं एक जरी जाणवलं तरी पिशव्या, चपला गोळा करत बसू नका. ज्या काठावर असाल त्याच काठाने वर चढा. गाडी पलीकडे आहे, हे ओलांडायचं कारण होऊ शकत नाही.

अडकलात तर थांबा. छोट्या ओढ्याचं पाणी जसं झपाट्याने चढतं तसं पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतंही. हे थांबणं जमावं म्हणून निघतानाच उजेडाचे दोन-तीन तास हाताशी ठेवा, बॅटरी घ्या, आणि कुठे जाताय, कधी परतणार ते मागे कुणालातरी सांगून ठेवा.

थेट धारेखाली उभं राहणं

धारेबरोबर दगड आणि फांद्याही खाली येतात. धार पडते तिथल्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळे ते अंगाला नेहमीसारखं तोलून धरत नाही. चांगला पोहणाराही तिथे खाली जातो. फोटो लांबून काढा. कातळावर हिरवट-काळा थर चकाकत असेल तर ते शेवाळं आहे, बूट कितीही महागाचे असोत.

"थोडंच राहिलंय" म्हणत भिजलेल्या मुलांना चालवणं

मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर गार पडतं. सुती कपडे आणि जीन्स पाणी धरून ठेवतात, त्यात वारा लागला की हुडहुडी भरते. नुसता वरून रेनकोट चढवून भागत नाही. आडोसा बघा, ओले कपडे काढा, अंग पुसा, कोरडे कपडे आणि टोपी घाला, मग गरम काहीतरी प्यायला द्या. एरवी बडबडं मूल गप्प झालं, सारखं अडखळू लागलं किंवा त्याला चेन लावणं जमेना, तर सहल तिथेच संपवा. त्यासाठी प्रत्येकाचा एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा. बॅगेच्या वरच्या कव्हरवर माझा अजिबात विश्वास नाही.

धबधबा झाला की समुद्र, असा क्रम आधीच ठरवून टाकणं

आधी भरती-ओहोटीची वेळ बघा, मग धबधबा कधी ते ठरवा. बऱ्याच किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणजे भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. भरतीचं पाणी सारख्या गतीने चढत नाही, मधल्या दोन तासांत ते सर्वांत वेगाने येतं. ओहोटीला खडकाला वळसा घालून पलीकडच्या वाळूवर गेलेली माणसं याच वेळात अडकतात. पाणी पूर्ण ओसरलं की लगेच मागे फिरा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा तर जाऊच नका.

पावसाळी समुद्रात मुलांना उतरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सगळीकडे लाटा पांढऱ्या फुटत असतात आणि मध्येच एक पट्टा शांत दिसतो. आईवडिलांना तीच जागा बरी वाटते. पण किनाऱ्यावर आलेलं पाणी अनेकदा त्याच पट्ट्यातून जोरात परत समुद्रात जात असतं. नीट बघितलं तर फेस आणि गढूळ वाळू आत सरकताना दिसते. कुणी त्यात सापडलंच तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये. तरंगत राहावं, हात वर करून मदत मागावी, आणि जमेल तेव्हा किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडावं. काठावरच्यांनी मागोमाग उडी घेऊ नये. तरंगणारं काहीतरी फेकावं, रिकामा बंद कॅनसुद्धा चालतो, आणि जीवरक्षकाला बोलवावं.

खडकावर बसायचं असेल तर आधी खडक बघा. पाऊस थांबून बराच वेळ झालाय, तरी तो ओला असेल तर लाट तिथवर येत असणार. आणि गडगडाट ऐकू आला की वाळूवरून उठून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं होईपर्यंत बाहेर येऊ नका.