सांगलीत जगभरातली चव शोधताना या चुका टाळा

सांगली-मिरजेत थाई, इटालियन किंवा लेबनीज जेवण धड मिळत नाही, अशी तक्रार करणारे बहुतेक जण पाटीवरचे देशाचे नाव वाचून आत शिरतात आणि ताटात भलतेच काही आले की हिरमुसून परततात. माझेही बरीच वर्षे तसेच होत असे. देशाचे नाव बाजूला ठेवून, ज्यावाचून तो पदार्थ होतच नाही अशा एखाद्या जिनसाची चौकशी करावी, हे मी फसलेल्या जेवणांनंतरच शिकले.

विश्रामबागेतल्या एका हॉटेलात मी थाई ग्रीन करी मागवली होती. वाडग्यातला रस्सा हिरवा होता, त्यात नारळाचे दूधही होते. पण वाफ नाकाशी आली ती गरम मसाल्याची. या करीचा प्राण गवती चहात असतो. पावसाळ्यात आपण चहात ज्याची पाती टाकतो तोच हा गवती चहा. फरक इतकाच की थाई स्वयंपाकात त्याचा बुडख्याकडचा पांढरट भाग कुलिंजन (आल्यासारखा एक कंद), हिरव्या मिरच्या यांच्यासोबत ठेचून वाटण करतात. मी त्याबद्दल विचारताच आचारी स्वतः बाहेर आले आणि म्हणाले, "ताई, त्याला रोज गिऱ्हाईक नाही, म्हणून ठेवत नाही. एक दिवस आधी सांगा, आणून ठेवतो." पुढच्या आठवड्यात आदल्या दिवशी फोन करून गेले, तेव्हा वाडगा टेबलावर येण्याआधीच तो वास आला. आधी न सांगता जाणे हीच आपल्याकडची सर्वांत मोठी चूक आहे, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी चूक गाड्यावरच्या शेजवानाला चिनी समजण्याची. लसूण, लाल मिरची आणि व्हिनेगरची ती चटणी भारतातच घडली. चीनच्या सिचुआन प्रांतातल्या स्वयंपाकाची खूण म्हणजे जिभेला मुंग्या आणणारे सिचुआन मिरे, आणि ते कोकणातल्या तिरफळाचे भाऊबंद आहेत; वनस्पतिशास्त्रात दोन्ही झँथोझायलम या एकाच गटात मोडतात. बांगड्याच्या आमटीतले तिरफळ ज्याने चाखले आहे, त्याला ही चव घासासरशी ओळखता येईल. पण म्हणून भारतीय चायनीजला नाके मुरडू नयेत, कारण मंच्युरियनसारखे पदार्थ ही आपली स्वतंत्र आणि चविष्ट परंपरा आहे. मात्र एकाची अपेक्षा दुसऱ्याच्या ताटात करू नये.

मोबाइलवरून मागवताना वेगळाच घोटाळा होतो. पिझ्झा, मोमो आणि मेक्सिकन रोल अशी तीन निराळी दुकाने दिसतात, पण पत्ता आणि १४ अंकी अन्न परवाना क्रमांक ताडून पाहिला तर स्वयंपाकघर एकच निघू शकते. तसे असल्यास तिथला जो पदार्थ सर्वाधिक खपतो तोच मागवावा, कारण त्याचे साहित्य ताजे असण्याची शक्यता अधिक असते.

शाकाहारी आणि जैन मंडळींनी केवळ भाज्यांचे नाव वाचून निश्चिंत राहू नये. थाई करीच्या तयार वाटणात बहुधा आंबवलेल्या कोळंबीची पेस्ट आणि वरून माशाचा सॉस असतो. अस्सल पार्मिजानो चीजसाठी वासराच्या जठरातले, दूध साकळवणारे रेनेट वापरतात. त्या मानाने काबुली चणे आणि तिळाच्या वाटणाचे हुमुस निर्धास्तपणे खाता येते, पण त्यात लसूण असतोच, तेव्हा जैनांनी तो वगळता येईल का हे आधीच विचारून घ्यावे.

पिझ्झ्यासाठी एकच प्रश्न पुरतो : पीठ इथेच मळता, की बेस बेकरीतून येतो? इटलीतल्या नेपल्सच्या पद्धतीत ४०० अंश सेल्सिअसहून अधिक तापलेल्या भट्टीत पिझ्झा अवघ्या ६० ते ९० सेकंदांत भाजून निघतो. तशी भट्टी नसली तरी ताज्या पिठाचा पिझ्झा बेकरीच्या बेसपेक्षा कितीतरी सरस लागतो. रविवारी रात्री मात्र असे प्रश्न विचारू नयेत. त्या गर्दीत आचाऱ्याला बोलायला उसंत नसते. मंगळवारी किंवा बुधवारी, सायंकाळी सातच्या आत गेल्यास तो स्वतःहून भट्टी दाखवायला नेतो.