धातूत हायड्रोजन साठवताना या चुका टाळा

लँथॅनम आणि निकेलचा एकास पाच प्रमाणातला मिश्रधातू 25 अंश सेल्सिअसला सुमारे दोन बार दाबावर हायड्रोजन शोषून घेतो आणि वजनाच्या जेमतेम 1.4 टक्के वायू पोटात ठेवतो. हे आकडे नवशिक्यांना पाठ असतात. शोषणाबरोबर बाहेर पडणारी उष्णता मात्र त्यांच्या हिशेबात नसते. दर मोल हायड्रोजनमागे ती 30 किलोज्यूलच्या आसपास असते, म्हणजे एक किलो भुकटी पूर्ण भरली तर दोनशे किलोज्यूलहून अधिक. तापमान दर 20 अंशांनी वाढले की शोषणासाठी लागणारा दाब जवळजवळ दुप्पट होतो आणि 75 अंशांच्या सुमारास तो 10 बारपर्यंत चढतो. त्यामुळे 10 बारच्या वायूने घाईघाईत भरलेली भुकटी स्वतःच्याच उष्णतेने स्वतःचा रस्ता अडवते.

एका संशोधक विद्यार्थ्याने क्षमतेच्या तिसऱ्या हिश्शावर गेजचा काटा स्थिरावलेला पाहून मिश्रधातू खराब असल्याची नोंद केली आणि नव्या मालाची मागणीही लिहून ठेवली. त्याचे थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, भांड्याच्या बाहेरच्या भिंतीला चिकटवलेली होती व 35 अंश दाखवत होती. तीच बारीक नळीतून भुकटीच्या मध्यभागी उतरवून त्याने पुन्हा भरण केले, तेव्हा आकडा सत्तरच्या पुढे गेला. कारण भुकटीची उष्णतावाहकता अखंड धातूच्या मानाने फारच कमी असते. भांडे वाहत्या पाण्यात ठेवून, वायू थोडा थोडा सोडत, संध्याकाळपर्यंत थांबल्यावर त्याच ‘खराब’ मालाने अपेक्षित हायड्रोजन घेतला. मी आतले तापमान पाहिल्याशिवाय कोणत्याही मिश्रधातूविषयी मत देत नाही, आणि ज्यांना जेवणाच्या सुट्टीपूर्वी निष्कर्ष हवा असतो त्यांनी हा विषय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक भांडे काठोकाठ भरण्याची. हायड्रोजन शिरला की या मिश्रधातूचे आकारमान सुमारे चतुर्थांशाने वाढते, कण तडकून काही मायक्रॉनचे होतात, आणि उभ्या नळीत ही बारीक भुकटी तळाशी दाटून बसते. पुढच्या भरणात ती फुगते आणि बाजूची भिंत बाहेर ढकलते. मी नळी आडवी ठेवतो, निम्मीच भरतो आणि तोंडाशी सच्छिद्र धातूची गाळणी बसवतो, नाहीतर भुकटी व्हॉल्व्हच्या बैठकीत जाऊन गळती सुरू होते.

टायटॅनियम-लोह या दुसऱ्या मिश्रधातूच्या पृष्ठभागावरील ऑक्साइडमुळे पहिल्या शोषणाआधी त्याला 400 अंशांपर्यंत तापवून पुन्हा पुन्हा जागे करावे लागते. तोच उपाय लँथॅनम-निकेलवर उगाळणारे महाभाग मी पाहिले आहेत. हायड्रोजनमध्ये तो जास्त तापवला तर लँथॅनमचे हायड्राइड आणि निकेल वेगळे होऊ लागतात आणि क्षमता घटते. त्याला तापवण्याची नव्हे, सामान्य तापमानाला काही वेळा भरण्या-रिकामे करण्याची गरज असते.

हायड्रोजन गाळून शुद्ध करणारा पॅलेडियमचा पडदा हायड्रोजनमध्येच थंड करू नये. सुमारे 300 अंशांखाली त्यात कमी आणि जास्त हायड्रोजनच्या दोन प्रावस्था (धातूची दोन रूपे) एकत्र नांदतात, त्यांच्या आकारमानातला फरक दहा टक्क्यांच्या आसपास असतो, आणि पडदा वाकतो किंवा चिरतो. आधी निष्क्रिय वायू सोडून हायड्रोजन हाकलावा, किंवा सुमारे 23 टक्के चांदीचा मिश्रधातू वापरावा.

कार्बन मोनॉक्साइड असलेला स्वस्त वायू वापरू नये. धातूचा पृष्ठभाग बधिर होतो आणि हायड्रोजन घेईनासा होतो.

शंभर बारला आदर्श वायूचे सूत्र लावू नये. सहा टक्क्यांची चूक तिथेच होते.

दाबावरून शोषलेल्या हायड्रोजनचे मोजमाप करताना खोलीचे तापमान विसरू नये. एक ग्रॅम लँथॅनम-निकेल एक लिटरच्या भांड्यातला दाब सुमारे 170 मिलिबारने उतरवतो, आणि 10 बारवर तापमानातला एका अंशाचा फरक 33 मिलिबारचा असतो. एवढ्या मोठ्या भांड्यात एवढा छोटा नमुना ठेवून, वर पंखा चालू ठेवून दशांश चिन्हानंतरचे दोन अंक लिहिणाऱ्यांचे मला नवल वाटते.

वापरलेली भुकटी हवेत उघडू नये. ताज्या, ऑक्साइडरहित पृष्ठभागाची ही बारीक धूळ आपोआप पेट घेऊ शकते, शिवाय आत उरलेला हायड्रोजन असतोच. आधी निर्वात पंपाने भांडे रिकामे करावे, मग आर्गॉन भरावा आणि झाकण ग्लोव्ह बॉक्समध्येच (हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत) काढावे. टाकायची भुकटीसुद्धा मी आर्गॉनमध्ये थोडी थोडी हवा मिसळत, थर्मोकपल आत ठेवूनच निष्क्रिय करतो.