रानात पक्षी-प्राणी बघायला जाताना कपड्यांच्या या चुका टाळा

फेब्रुवारीतली सकाळ होती. हतनूर धरणाचं पाणी थोडं मागे सरकलं होतं आणि उघड्या पडलेल्या गाळावर चक्रवाकांची जोडी उभी होती. मागे पाण्यात बदकांचा मोठा थवा. मी नवाकोरा जोड घातला होता, गर्द हिरव्या पानांचं छापील जाकीट आणि तशीच पँट. कॅमेरा पुढे ढकलत पोटावर सरपटत निघाले. दीडशे पावलांवर असतानाच चक्रवाक ओरडला आणि दोन मिनिटांत समोरचं पाणी रिकामं झालं.

मी तशीच पडून होते. तेवढ्यात एक मासेमारी करणारे काका खांद्यावर जाळं टाकून त्याच काठाने सरळ उभे चालत गेले. अंगात मळकट, विटलेला शर्ट. लांबवर राहिलेली थोडी बदकं जराशी बाजूला सरकली, एवढंच.

त्या दिवशी घरी येऊन मी तो जोड पुन्हा नीट पाहिला. फिकट राखाडी गाळावर गर्द हिरवा, काळपट गोळा सरपटत येतो, हे बदकांना कोल्ह्या-कुत्र्यासारखंच वाटणार. काका मात्र रोजचे, गाळाच्याच रंगाचे आणि आपल्या कामात. तेव्हापासून दहा-बारा वर्षं मी खानदेशात पक्षी बघत फिरते आहे आणि कपड्यांच्या जवळपास सगळ्या चुका करून झाल्या आहेत. त्यातल्या ज्या महाग पडल्या, त्या इथे सांगते.

शिकारीचे कपडे म्हणून मिळतात, ते कुणाच्या रानासाठी असतात?

ऑनलाइन दुकानात असे कपडे शोधले की बहुतेक माल ‘हंटिंग’ नावाखालीच दिसतो. आपल्याकडे वन्यप्राण्यांच्या शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. आपलं काम दुर्बीण आणि कॅमेऱ्याचं. पण कपडे मात्र अमेरिका-युरोपातल्या हरणाच्या शिकाऱ्यांसाठी बेतलेले असतात, त्यावर ओकची पानं, पाइनच्या फांद्या, ओलसर शेवाळी बुंधे छापलेले. आपल्या यावलच्या रानात अंजन, सालई, धावडा आणि साग. सालईची साल फिकट, कागदासारखी सुटणारी. तिच्या बुंध्याला टेकून ओकच्या पानांचं जाकीट घालून बसा, लांबून तुम्ही ठिगळ लावल्यासारखे दिसाल.

दुसरी गोष्ट नक्षीच्या मापाची. दुकानातल्या फोटोत बारीक पानं, काड्या फार हुबेहूब दिसतात. पण वीस-पंचवीस पावलांवरून ती नक्षी एकमेकांत मिसळते आणि उरतो माणसाच्या आकाराचा एकच काळपट ढेकूळ. लपायला नक्षी हुबेहूब असण्यापेक्षा फिक्या-गडद रंगाचे मोठे, वेडेवाकडे पट्टे जास्त कामाचे, कारण त्यांनी खांदे-डोकं-हात ही रेषा तुटते. तेही नको असेल तर साधा, विटका, मातकट कपडा घ्या. तो बाजारातल्या निम्म्या छापील जोडांपेक्षा चांगला चालतो.

एकच जोड बारा महिने

ही सर्वांत मोठी चूक, कारण खानदेश वर्षातून तीन-चारदा रंग बदलतो. तोरणमाळला ऑगस्टमध्ये गेलात तर डोळ्यांत मावणार नाही एवढं हिरवं. तेच डोंगर मार्चमध्ये तांबूस-करडे. साग पूर्ण झडलेला, जमिनीवर ताटाएवढी वाळकी पानं आणि मध्येच पळसाचा भडका. मे महिन्यात सातपुड्यात गर्द हिरवा घालून बसणं म्हणजे पांढऱ्या भिंतीवर डाग. जळगाव जिल्ह्यातल्या पाल गावच्या रानात एप्रिल-मेमध्ये मी वाळक्या पानाचा रंग घालते, फिका खाकी आणि त्यावर एखादा तपकिरी रुमाल. हिरवा कपाटात ठेवते तो थेट जुलैपर्यंत.

जागाही तशाच वेगळ्या. धुळे-साक्रीकडच्या माळांवर दिवाळीनंतर गवत सोनेरी-पिवळं होतं. तिथे उभं राहिलात तर कपडा कुठलाही असो, आकाशाच्या पुढे तुमची काळी आकृती उमटते. माळावर कपड्यापेक्षा बसणं महत्त्वाचं. टेकाडाच्या माथ्यावरून जाऊ नका, बगलेने जा. रावेर-यावलच्या केळीच्या बागांच्या कडेला गर्द हिरवं चालतं, पण तिथे लपू नका. का, ते पुढे सांगते. तापीकाठच्या घळींमध्ये पिवळसर माती आणि बाभळीची विरळ सावली, तिथे फिका मातकटच हवा.

तीन जोड घ्यायची गरज नाही. मी काय केलं सांगते. जळगावात उन्हाळ्यात बायका गाडीवर सनकोट घालतात, सैल, लांब बाह्यांचा, सुती. शिंप्याकडून मांजरपाटाचा तसाच एक सनकोट शिवून घेतला, गुडघ्यापर्यंत, दोन मोठे खिसे, बटणं आतल्या पट्टीखाली झाकलेली. मग बाभळीची साल रात्रभर भिजवून उकळली आणि त्या पाण्यात तो दोनदा बुडवला. रंग एकसारखा बसला नाही, पाठीवर गडद, बाह्यांवर फिका. मला हवं होतं तेच झालं. उन्हाळा-हिवाळ्याला हा कोट, पावसाळ्याला जुना शेवाळी शर्ट आणि हतनूरच्या गाळासाठी राखाडी चादर, जी नुसती अंगावर घ्यायची.

लष्करी छाप अंगावर

बाजारात स्वस्त मिळतो म्हणून अनेक मुलं ‘आर्मीवाला’ ड्रेस घालून रानात येतात. कृपा करून हे टाळा. लष्कराचा नवा गणवेश १५ जानेवारी २०२२ ला सैन्य दिनाच्या संचलनात आला आणि त्याच्या नक्षीची लष्कराने नोंदणी करून घेतली आहे. सैनिक असल्याचा समज व्हावा म्हणून तसा पोशाख करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. तुमचा हेतू तसा नसेलही, पण मध्य प्रदेशच्या हद्दीला लागून असलेल्या पाड्यावर अशा वेशातले चार जण झाडीत दबा धरून दिसले, तर तिथल्या माणसांनी काय समजावं? वनरक्षकाला आधी शिकारीचाच संशय येतो, आणि तो त्याच्या जागी बरोबर असतो.

ज्याच्यासाठी लपतोय, त्याचे डोळे वेगळे

हरीण, नीलगाय, भेकर यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. त्यांना निळा चांगला कळतो, पण लाल-केशरी आणि हिरवा वेगळे काढता येत नाहीत. म्हणूनच केशरी रंगाचा वाघ गवतात लपू शकतो. परदेशात शिकारी केशरी जाकीट घालतात तेही याचमुळे. दुसऱ्या शिकाऱ्याला माणूस दिसतो, हरणाला मात्र ते जाकीट मातकटच वाटतं.

पक्ष्यांचं उलट आहे. त्यांच्याकडे अशा पेशी चार प्रकारच्या आणि बऱ्याच पक्ष्यांना आपल्याला न दिसणारे अतिनील किरणही दिसतात. म्हणजे हरणापुढे खपलेला केशरी रुमाल पाणपक्ष्यांपुढे खपणार नाही. निळी जीन्स तर दोघांपुढेही वाईट. रानात सर्वांत जास्त अंगावर दिसते तीच!

धुण्यात झालेली चूक

ही चूक कुणाच्या लक्षातच येत नाही. कपडे उजळ दिसावेत म्हणून बऱ्याच धुण्याच्या पावडरींमध्ये एक रसायन असतं. ते उन्हातले अतिनील किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकतं. आपल्याला कपडा ‘स्वच्छ’ वाटतो. पण पहाटेच्या निळसर प्रकाशात निळा रंग नीट दिसणाऱ्या हरणाला तो उठून दिसतो. आपली आई-आजी पांढऱ्या कपड्यांना घालायच्या त्या निळीची गोष्ट वेगळी, ती नुसती निळी झाक देते. दोष या चकाकी आणणाऱ्या द्रव्याचा.

तपासायचं कसं? दुकानात खोट्या नोटा ओळखायला जांभळा दिवा असतो, तसा छोटा टॉर्च घ्या. रात्री खोलीत अंधार करून रानातले कपडे त्याखाली धरा. माझा एक खाकी शर्ट, जो दिवसा धुळीसारखा दिसायचा, त्या उजेडात अक्षरशः ट्यूबलाइटसारखा पेटला. एकदा बसलेली ही चकाकी सहजी निघत नाही. तो शर्ट मी घरी वापरायला काढला. आता रानातले कपडे वेगळे, रिठ्याच्या पाण्यात धुते आणि सावलीत वाळवते. वास न राहणं हा दुसरा फायदा, कारण रानडुक्कर, भेकर यांना तुम्ही दिसण्याआधी तुमचा वास लागतो. अत्तर आणि खोबरेल तेल त्या दिवशी नको. डोंगरात पहाटे वारा उताराने खाली येतो आणि ऊन चढलं की वर जातो, हे धरून बसायची जागा ठरवा.

आवाज

रानपिंगळा, म्हणजे रानातलं छोटं घुबड, हा आपल्या खानदेशाचा अभिमान. १८८४ नंतर तो कुणाला खात्रीने दिसला नव्हता. नामशेष झाला असंच बरेच जण समजत होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षी-अभ्यासक पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना तो शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी सापडला, ११३ वर्षांनी. हा पिंगळा दिवसाही हिंडतो, उघड्या फांदीवर बसतो, त्यामुळे दिसण्याची आशा असते.

मला तो पहिल्यांदा दिसला तो निष्पर्ण सागाच्या फांदीवर. गुबगुबीत, डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीतच, शेपटी डावी-उजवीकडे झटकत होता. चाळीस पावलांचं अंतर. मी श्वास रोखून जाकिटाच्या खिशातून लेन्सचं झाकण काढायला गेले आणि खिशाची चिकटपट्टी (वेल्क्रो) ‘चर्रर्र’ करत उघडली. त्याने मान वळवून थेट माझ्याकडे पाहिलं, पिवळे डोळे, एक क्षण. मग फांदी रिकामी. त्या आवाजाने मला अजून चुटपुट लागते.

चिकटपट्टी आणि करकरणारा नायलॉन रानात नकोच. प्लास्टिकचा रेनकोट तर पाऊस नसताना घालूच नका. कपडा घेताना दुकानातच बाही बाहीवर घासून बघा, आवाज आला तर ठेवून द्या. घरात असलेल्या जाकिटाची चिकटपट्टी उसवून तिथे बटण लावा. अर्थात मार्चनंतर सागाच्या पाचोळ्यावर पाय पडला की पापडासारखा आवाज येतो, त्याला कपडा काय करणार? तेव्हा चालणं कमी, एका जागी बसणं जास्त. आणि पिंगळ्याला बाहेर काढायला मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका. इतक्या मोजक्या उरलेल्या पाखराला उगाच हैराण करायला नको.

ऊन, थंडी, पाय

भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. अशा उन्हात जाड पॉलिएस्टरचा जोड जिवावर बेतू शकतो. एकदा अनेर धरणाच्या काठी दुपारी मला गरगरायला लागलं ते त्याच जोडात. सैल सुती कपडे, डोक्यावर ओला पंचा आणि अकराच्या आत परत, हा नियम मी तेव्हापासून मोडलेला नाही. जानेवारीत धुळ्याकडे पहाटे पारा दहाच्याही खाली उतरतो. तेव्हा मात्र सुती बनियन घामाने किंवा दवाने ओलं झालं की हाडं गोठतात. आत लोकरीचा पातळ स्वेटर, बाहेर सुती, हे चांगलं. लोकर वरून घालू नका. माळावरची कुसळं आणि गोखरू त्यात असे रुततात की संध्याकाळ काढण्यातच जाते.

पायात सँडल नको. आपल्या दगडाळ भागात फुरसं हा विषारी साप आहे, ते दगडाच्याच रंगाचं असतं आणि पाय पडेपर्यंत दिसत नाही. घोट्याच्या वर जाणारे बूट आणि जाड कापडाची पँट हवी. पावसाळ्यात आणि त्यानंतर गोचीड चढतात, म्हणून पँट मोज्यात खोचा. काळ्या मातीत खोल खाचांचे तळ घातले तर शंभर पावलांत एकेका बुटाला दोन किलो चिखल. तिथे सपाट तळाचे गमबूट बरे. पांढऱ्या तळव्याचे स्पोर्ट्स शूज कुठेच नकोत. चालताना मागून ते चमकतात.

पूर्ण लपणं, तेही चुकीच्या जागी

आता केळीचं. केळी, ऊस, मका यांच्या राखणीला रात्री-पहाटे माणसं असतात. रानडुकरांनी हैराण झालेली, कधी बिबट्याच्या भीतीने दचकलेली. अशा बांधावर पूर्ण लपून हालचाल करणं तुमच्यासाठी धोक्याचं आणि त्यांच्यासाठीही. साक्रीकडे एका शेताच्या कडेला मी झुडपात बसले होते. मागून आवाज आला, “कोन शे रे तठे?” वळून पाहिलं तर एक आजोबा, हातात काठी उगारलेली. मी उठून उभी राहिले, तसा त्यांचा हात खाली आला. “बाई मानूस! आते दगड मारतू ना वं मी.” मग त्यांनीच विहिरीवर नेऊन पाणी पाजलं आणि तितरं कुठे उतरतात ते दाखवलं.

शेताजवळ, गावाजवळ, रस्त्याच्या कडेला केशरी किंवा लाल रुमाल डोक्याला बांधा आणि आधी बांधावरच्या माणसाला भेटा. रुमाल रानात शिरल्यावर खिशात टाकता येतो. यावल, अनेर, गौताळा ही अभयारण्यं आहेत. तिथे वनविभागाची परवानगी घेऊनच जा आणि सोबत स्थानिक वाटाड्या घ्या.

तरीही पक्षी उडतातच?

मग एक करून बघा. जोडीदाराला तीस पावलांवर, जिथे बसायचं तिथेच बसवा आणि फोनवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. रंग निघून गेला की खरं दिसतं. कपडा मागच्या झाडीपेक्षा गडद की फिका, ते लगेच कळतं. बहुतेक वेळा चमकतात ते चेहरा आणि हात, बाकी सगळं झाकून हेच उघडे राहिलेले असतात. पातळ सुती ओढणी डोळ्यांखालून बांधा, हातमोजे घाला. चष्मा असेल तर टोपीचा काठ पुढे ओढा. फोटो ठीक आला आणि तरी उडतात, तर तुम्ही हलताय. दुर्बीण सावकाश उचला, दहा आकडे मोजत.

हतनूरला गेल्या हिवाळ्यात राखाडी चादर अंगावर घेऊन, उजाडायच्या आधी गाळाच्या कडेला जाऊन बसले. सरपटले नाही, नुसती बसले. सव्वा तासाने चक्रवाकांची जोडी स्वतःहून पन्नास पावलांवर आली आणि पंखात चोच खुपसून झोपली.